आयात शुल्क वाढलं, पण कोणासाठी?

लातूरच्या मोंढ्यात तुरीचा भाव घसरला की दोन-चार दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते: आयात शुल्क वाढवा. मागणी रास्त असते. पण तूर, हरभरा आणि सोयाबीन या तिन्ही पिकांच्या बाबतीत नुसतं शुल्क वाढवून भागत नाही. जाहीर होणारा आकडा एकच असला तरी बंदरावर तो देशागणिक वेगळा लागतो. एकाच जहाजातून केनियाची आणि मोझांबिकची तूर उतरली, तर एकीला पूर्ण शुल्क आणि दुसरीला शून्य, असं होऊ शकतं. ही फट कुणाच्या नजरचुकीने राहिलेली नाही. भारत सरकारने 2008 मध्ये जाणूनबुजून दिलेली ती सवलत आहे.

वाळूजच्या कारखान्यातून युरोपला जाणाऱ्या मालाला नेमका हाच प्रकार उलट्या बाजूने लागू होतो. तिथे सवलत देणारा दुसरा असतो आणि घेणारे आपण. मराठवाडा या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा आहे, म्हणून दोन्ही बाजू एकत्र समजून घेतलेल्या बऱ्या.

मुळात नियम काय आहे

जागतिक व्यापाराचा पाया 1947 च्या गॅट कराराच्या, म्हणजे आजच्या जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या कराराच्या, पहिल्याच कलमात आहे. एका सदस्य देशाच्या मालाला जो दर लावाल, तोच सगळ्या सदस्यांना लावा. याला ‘सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र’ असं भारदस्त नाव आहे. नावावरून वाटतं की कुणाला तरी खास वागणूक मिळते. प्रत्यक्षात हा सगळ्यांना लागू असलेला साधा दर. व्यापारी त्याला एमएफएन दर म्हणतात, पुढे आपणही तेच म्हणू.

या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. पहिला मुक्त व्यापार कराराचा. दोन देशांनी आपसातला जवळपास सगळा व्यापार शुल्कमुक्त करायचं ठरवलं, तर ते एकमेकांना वेगळा दर देऊ शकतात. यात देवाणघेवाण असते: तू माझी गाडी सोड, मी तुझा तांदूळ सोडतो. दुसरा अपवाद विकसनशील देशांसाठीच्या सवलतीचा. इथे परतफेड मागायची नसते. श्रीमंत देशाने गरीब देशाच्या मालावर शुल्क कमी करायचं आणि बदल्यात काही मागायचं नाही.

या दुसऱ्या अपवादाची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत, म्हणजे अंक्टाडमध्ये, मांडली गेली. तिचे पहिले महासचिव राउल प्रेबिश यांचं म्हणणं सोपं होतं: कच्चा माल विकून देश वर येत नाहीत, पक्का माल विकायला बाजार हवा, आणि तो बाजार श्रीमंत देशांच्या शुल्काने अडवलेला आहे. 1968 मध्ये ही परिषद नवी दिल्लीत भरली आणि तिथेच ठराव झाला की सवलत सर्वसाधारण असावी, परतफेडीशिवाय असावी आणि भेदभावाशिवाय असावी. 1971 मध्ये गॅटने दहा वर्षांची तात्पुरती परवानगी दिली, आणि 1979 मध्ये ‘एनेबलिंग क्लॉज’ नावाच्या निर्णयाने ती कायमची झाली. या सगळ्या योजनांचं मिळून नाव जीएसपी.

एनेबलिंग क्लॉज सवलत देण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. कुणाला द्यायची, किती द्यायची, कोणत्या मालावर द्यायची, कधी काढायची, हे सगळं देणाऱ्या देशाच्या स्वतःच्या कायद्यात ठरतं. करारात दोन सह्या असतात आणि मोडला तर जाब विचारता येतो. इथे सही एकच असते. अमेरिकेने भारताला हा धडा 2019 मध्ये दिला, त्याकडे पुढे येऊ.

‘भेदभाव नको’ या शब्दांवरून मात्र भारत एकदा भांडला होता. युरोपीय संघाने अमली पदार्थांच्या विरोधात लढणाऱ्या बारा देशांना जादा सवलत दिली, त्यात पाकिस्तानचं नाव घातलं. भारताने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. 2004 च्या निकालात भारत जिंकला, पण अर्धाच. सगळ्या विकसनशील देशांना एकच दर द्यायलाच हवा असं नाही, असं अपील मंडळाने सांगितलं. फक्त फरक करायचा तर त्याला वस्तुनिष्ठ निकष हवेत आणि त्या निकषात बसणाऱ्या प्रत्येकाला तीच वागणूक हवी. अमली पदार्थांच्या योजनेत देशांची यादी होती, निकष नव्हते, म्हणून ती पडली. युरोपने मग निकष लिहून काढले आणि ‘जीएसपी प्लस’ योजना आणली. पाकिस्तान 2014 पासून तिचा लाभार्थी आहे. खटला जिंकूनही प्रतिस्पर्ध्याला सवलत मिळालीच, असा हा प्रकार.

स्वतंत्र धोरण म्हणजे नेमकं काय

शुल्क ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाकडे असतो असं आपण धरून चालतो. तो नसूही शकतो. सीमाशुल्क संघात सामील झालेल्या देशाचं बाहेरच्या जगासाठीचं शुल्कपत्रक सामाईक असतं. ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय समुदायात गेलं आणि तिथपासून त्याला स्वतःचा वेगळा दर लावता येईना. 31 जानेवारी 2020 रोजी ते युरोपीय संघातून बाहेर पडलं, संक्रमणकाळ त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला संपला आणि 1 जानेवारी 2021 पासून त्याचं स्वतःचं पत्रक सुरू झालं. त्यात 2 टक्क्यांच्या खालचे किरकोळ दर त्यांनी सरळ काढून टाकले. जेवढं शुल्क मिळणार त्याहून कागदपत्रांचाच खर्च जास्त, हा हिशेब. विकसनशील देशांसाठीची त्यांची स्वतंत्र योजना, डीसीटीएस, 19 जून 2023 पासून चालू आहे. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची अल्पविकसित देशांची, आणि भारत सगळ्यात खालच्या, साध्या पायरीवर. तिच्याखेरीज भारत आणि ब्रिटन यांच्यात 24 जुलै 2025 रोजी व्यापार करारावर सह्या झाल्या. तो पहिल्या अपवादातला, देवाणघेवाणीचा. दोन्हींची गल्लत करू नये.

भारत कोणत्याही सीमाशुल्क संघात नाही. तरी हात पूर्ण मोकळे नाहीत. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक मालासाठी एक कमाल दर लिहून दिलेला असतो, त्याच्या वर जाता येत नाही. सोयातेलासाठी भारताची ही कमाल मर्यादा 45 टक्के आहे. पामतेलासाठी 300 टक्के. म्हणजे पामतेलावर सरकारला पाहिजे तितकी मोकळीक आहे आणि सोयातेलावर फार कमी. तेलाच्या शुल्कावर बोलताना ही बारीक गोष्ट सहसा कुणी काढत नाही, पण सोयाबीनच्या भावाची वरची कड बऱ्याच अंशी तिथे ठरते.

तूर, हरभरा, सोयाबीन: इथे देणारे आपण

2005 च्या हाँगकाँग मंत्रिपरिषदेत ठरलं की अल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश द्यावा. विकसनशील देशांपैकी ते आधी अमलात आणणाऱ्यांत भारत होता. 2008 च्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत घोषणा झाली, ऑगस्टमध्ये सीमाशुल्क अधिसूचना क्रमांक 96/2008 निघाली. योजनेचं नाव डीएफटीपी. 2014 मध्ये ती वाढवून शुल्कपत्रकातल्या 98.2 टक्के ओळी सवलतीखाली आणल्या गेल्या. वगळलेल्या यादीत चहा, कॉफी, तंबाखू, दारू यांसारखा माल राहिला. तूर, हरभरा आणि सोयाबीन त्या यादीत नाहीत.

अल्पविकसित देश कोणते, हे भारत ठरवत नाही. संयुक्त राष्ट्रांची यादी आहे, 2024 च्या अखेरीपासून तिच्यात 44 देश आहेत. दरडोई उत्पन्न, शिक्षण-आरोग्याची स्थिती आणि आर्थिक नाजूकपणा या तीन निकषांवर दर तीन वर्षांनी ती तपासली जाते. ‘विकसनशील’ हा दर्जा मात्र जागतिक व्यापार संघटनेत देश स्वतःच जाहीर करतो. हे दोन शब्द बातम्यांत सर्रास अदलाबदल करून वापरतात, आणि इथेच घोळ होतो.

आता तुरीचे विकणारे देश पाहा. म्यानमार, ज्याच्या मालाला डाळमिलवाले ‘लेमन’ म्हणतात. मोझांबिक, म्हणजे ‘गजरी’. टांझानियाची ‘अरुषा’. मलावी. हे चारही देश अल्पविकसित यादीत आहेत. केनिया नाही. मार्च 2017 मध्ये तुरीवर 10 टक्के शुल्क लागलं तेव्हा हिशेब असा होता: समजा बंदरावर माल 6,000 रुपये क्विंटलने पोहोचला, तर केनियाच्या तुरीला 600 रुपये शुल्क, आणि योग्य कागद असलेल्या मोझांबिकच्या तुरीला शून्य. भारतात येणारी बहुतेक तूर ज्या देशांतून येते तेच देश सवलतीत बसतात, म्हणजे ते 10 टक्के जवळपास कागदावरच होते. त्याच वर्षी 5 ऑगस्टला सरकारने आयातीचं प्रमाणच वर्षाला 2 लाख टनांवर बांधलं. शुल्काने जिथे अडत नाही तिथे प्रमाणाची मर्यादाच लागते. पण त्या मर्यादेतूनही मोझांबिकशी झालेल्या सरकारी समझोत्याचा माल वेगळा ठेवलेला होता.

पुढे मे 2021 मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि मार्च 2023 मध्ये अख्ख्या तुरीवरचे 10 टक्केही सगळ्यांसाठी काढले गेले. त्याची मुदत वाढवत मार्च 2026 पर्यंत नेली. यात एक गंमत झाली: सगळ्यांनाच शून्य झाल्यावर मोझांबिकचा केनियावरचा फायदा संपला. एमएफएन दर आणि सवलतीचा दर यांतला फरक हीच सवलतीची खरी किंमत असते. मूळ दर खाली आला की सवलत न काढताही ती आपोआप विरते.

हरभऱ्याला मार्च 2018 मध्ये 60 टक्के शुल्क लावलं. त्याचा पूर्ण फटका बसला तो ऑस्ट्रेलियाला. टांझानियाचा देशी हरभरा शून्यावर येत राहिला. मे 2024 मध्ये देशी हरभऱ्यावरचं शुल्क काढलं, एप्रिल 2025 पासून 10 टक्के परत लावलं. प्रत्येक वेळी मथळा एकच, ‘शुल्क लावलं’ किंवा ‘शुल्क काढलं’. परिणाम मात्र माल कुठून येतोय त्यावर.

सोयाबीनची गोष्ट याहून टोकदार आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याचं शुल्क 30 वरून 45 टक्के केलं. शिवाय जनुकबदल केलेलं सोयाबीन भारतात आणता येत नाही, त्यामुळे ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका या बड्या उत्पादकांचा दाणा आपोआप बाहेर राहतो. दोन कुलपं झाली. पण टोगो, बेनिन, मोझांबिक या देशांचं सोयाबीन जनुकबदल न केलेलं असतं आणि हे देश अल्पविकसित आहेत. दोन्ही कुलपांची किल्ली त्यांच्याकडे आहे. बंदरावर 4,000 रुपयांना पडलेल्या क्विंटलवर नुसतं मूळ शुल्क 1,800 रुपये होतं. त्यांना ते लागत नाही.

म्हणून लातूर-नांदेडच्या सोयाबीन उत्पादकाने ‘शुल्क 45 वरून 60 करा’ असं म्हटल्याने आफ्रिकेतून येणाऱ्या एका कट्ट्यालाही काही होणार नाही. मागायचंच असेल तर नेमकं मागावं लागेल: सोयाबीनचं नाव वगळलेल्या यादीत घालणं, किंवा शून्य दराला ठरावीक टनांची मर्यादा लावणं, किंवा ऑक्टोबर ते जानेवारी या आपल्या आवकेच्या महिन्यांपुरती सवलत थांबवणं. योजना एकतर्फी असल्यामुळे यातलं काहीही करायला दुसऱ्या देशाची संमती लागत नाही. राजनैतिक किंमत मोजावी लागते, ती वेगळी गोष्ट. आमचं मत असं की मोझांबिकच्या लहान शेतकऱ्याला शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. तो आपल्यासारखाच पावसावर जगतो. प्रश्न वेळेचा आहे. मोझांबिकची तूर साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरात येते, तेव्हा आपल्याकडचा माल संपत आलेला असतो आणि डाळमिल चालू राहायला ती उपयोगाचीच पडते. म्यानमारचं पीक मात्र जानेवारी-फेब्रुवारीत निघतं, नेमकी आपली तूर मोंढ्यात येते तेव्हा.

तेलाच्या पिंपातला नेपाळ

खाद्यतेलाचं शुल्क तीन तुकड्यांचं असतं: मूळ सीमाशुल्क, कृषी उपकर आणि या दोघांच्या बेरजेवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या सोयातेलाचं मूळ शुल्क 20 टक्के केलं. 20 अधिक उपकराचे 5 म्हणजे 25, त्यावर अधिभार अडीच, एकूण 27.5. रिफाइंड तेलाला 35.75. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलाचं मूळ शुल्क 10 वर आणलं, एकूण 16.5 झालं, रिफाइंडचं तसंच ठेवलं.

आता रिफाइंड तेल नेपाळहून आलं तर? दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली, म्हणजे साफ्टाखाली, ते शून्य दराने येऊ शकतं. नेपाळमध्ये सोयाबीन इतकं पिकत नाही की त्याने भारताला तेल पुरवावं. कच्चं तेल परदेशातून आणायचं, शुद्ध करायचं, पॅक करायचं आणि भारतात पाठवायचं, असा तो धंदा. सप्टेंबर 2024 ची वाढ झाल्यावर ही आवक फुगली, आणि तेल उद्योगाने तक्रारी केल्या. जितकं शुल्क जास्त, तितका फटीतून येणाऱ्याचा नफा जास्त. पाच-सहा टक्क्यांसाठी कुणी काठमांडूचा फेरा मारणार नाही. 35 टक्क्यांसाठी मारेल.

माल ‘तिथला’ आहे हे कसं ठरतं

सगळ्या सवलतींचं कुलूप इथे आहे. व्यापारी त्याला सीओओ म्हणतात, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. कागद साधा, पण त्यामागचे नियम तपशीलवार आहेत.

शेतमालाचं सोपं असतं: त्याच देशात पिकलेला आणि काढलेला हवा. तरी गडबड होतेच. केनिया आणि टांझानियाची सीमा लांबलचक आहे. पोतं सीमेपलीकडे नेऊन टांझानियाचा कागद लावला, तर दाण्याकडे पाहून कुणाला काय कळणार? म्हणून त्या देशाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा शिक्का आणि सही यांचे नमुने भारताकडे आधीच आलेले असावे लागतात आणि शंका आली तर पडताळणी मागता येते. मालही सरळ यावा लागतो. वाटेत दुसऱ्या बंदरात उतरला तरी चालतो, पण तिथे सीमाशुल्काच्या ताब्यात राहिला पाहिजे, विकला किंवा मिसळला गेला नसला पाहिजे.

तयार मालासाठी डीएफटीपीत दोन अटी एकत्र आहेत. बाहेरून आणलेला कच्चा माल आणि तयार माल यांचा सहा अंकी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, बदलला पाहिजे. आणि किमतीत किमान 30 टक्के भर त्या देशात पडलेली पाहिजे. ब्रिटनने अल्पविकसित देशांसाठी हीच अट 25 टक्क्यांवर आणली आहे. अमेरिकेच्या जीएसपीत ती 35 टक्के होती, आणि तिथे एक सापळा होता. समजा वस्तूची किंमत 100 रुपये, बाहेरून आणलेलं साहित्य 60 रुपयांचं. वरवर पाहता 40 रुपये आपले, म्हणजे पास. पण अमेरिकेच्या नियमात नफा आणि कार्यालयीन खर्च मोजत नाहीत. फक्त स्थानिक साहित्य आणि प्रत्यक्ष प्रक्रियेचा खर्च मोजतात. 40 मधले 8 रुपये नफा आणि ऑफिसखर्च असेल तर उरले 32, म्हणजे नापास.

वाळूजमधून पाहिलं तर

इथे आपण घेणारे. युरोपीय संघाच्या सध्याच्या जीएसपी नियमात, जो 2014 पासून चालू आहे, साध्या पायरीवरच्या देशांसाठी माल दोन गटांत आहे. असंवेदनशील मालाला शून्य, संवेदनशील मालाला मूळ दरातून साडेतीन टक्के बिंदू वजा. कपड्यांना वेगळं गणित, मूळ दराच्या 20 टक्के सूट: 12 चे 9.6.

पण यात ‘ग्रॅज्युएशन’ नावाची अट आहे. एखाद्या मालवर्गात जीएसपीखाली येणाऱ्या एकूण आयातीपैकी एकाच देशाचा वाटा सरासरी 57 टक्क्यांवर गेला, कापडाच्या बाबतीत 47.2 टक्क्यांवर, तर त्या देशाची त्या वर्गातली सवलत बंद होते. देशाने प्रगती केली म्हणून नव्हे, तर इतर लहान स्पर्धकांच्या तुलनेत वाटा मोठा दिसला म्हणून. चीन यादीतून बाहेर गेल्यावर उरलेल्यांत भारताचा वाटा आपोआप फुगला. भारताच्या मोटारगाड्या आणि त्यांचे सुटे भाग हा वर्ग 2014 लाच बाहेर गेला. म्हणजे वाळूज-शेंद्र्यातल्या वाहनभागांच्या कारखान्यांना युरोपच्या जीएसपीचा उपयोग गेली अनेक वर्षं नाही. तरीही ग्राहकाला ‘जीएसपी मिळेल’ असं सांगून भाव काढणारे भेटतात.

आधी एचएस कोड नीट ठरवा, सगळं तिथून सुरू होतं. वाहनाचा सुटा भाग म्हणजे 8708, असं गृहीत धरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. गाडीला लागणारा बोल्ट 7318 मध्ये जातो, कारण तो सर्वत्र वापरायचा भाग. बेअरिंग 8482. साधं रबरी गॅस्केट 4016. एकाच खोक्यातल्या चार वस्तूंना चार वेगळे दर आणि चार वेगळे उगमनियम लागू शकतात. कोड ठरला की युरोपसाठी ‘ॲक्सेस टू मार्केट्स’ आणि ब्रिटनसाठी त्यांचं सरकारी ‘ट्रेड टॅरिफ’ पान उघडायचं, भारत हा देश निवडायचा आणि दोन आकडे लिहून घ्यायचे: मूळ दर आणि भारताचा दर. फरक शून्य असेल तर विषय तिथेच संपला, कागदपत्रांत वेळ घालवू नका.

फरक असेल तर पुढचं. युरोपसाठी निर्यातदाराची आरईएक्स, म्हणजे ‘नोंदणीकृत निर्यातदार’ अशी नोंदणी लागते. भारतात ती परकीय व्यापार महासंचालनालयाने नेमलेल्या संस्थांकडे होते. 6,000 युरोपर्यंतच्या खेपेला नोंदणीशिवायही बिलावर ठरावीक मजकुराचं उगम निवेदन करता येतं; त्याच्या वर आरईएक्स क्रमांक हवाच. निवेदनातला मजकूर आपल्या शब्दांत बदलायचा नसतो. ते 12 महिने चालतं. ब्रिटनसाठी आरईएक्स लागत नाही, बिलावरची उगम घोषणा पुरते.

चुकतं ते असं. सवलत मागायची असते आयातदाराने, त्याच्या देशातल्या घोषणापत्रात; निर्यातदार कागद पाठवून मोकळा होतो आणि तिकडच्या एजंटने तो रकानाच भरलेला नसतो. दुसरं, बिलाचा क्रमांक आणि निवेदन जुळत नाही. तिसरं, माल दुबईच्या गोदामात उतरवून तिथून तोडून पाठवला जातो आणि सलग प्रवासाचा पुरावा राहत नाही. माळीवाड्याच्या कंटेनर डेपोतून निघतानाच शेवटच्या बंदरापर्यंतचं एकच बिल ऑफ लेडिंग (जहाजी वाहतुकीची मालपावती) घेतलं असतं तर हा प्रश्न आला नसता. चौथं आणि सगळ्यात महाग: पडताळणी मागाहून येते. युरोपचा अधिकारी वर्ष-दोन वर्षांनी विचारतो की या खेपेतलं पोलाद कुठलं होतं. खरेदीची बिलं, उत्पादनाची नोंद, खर्चपत्रक दाखवता आलं नाही तर शुल्क आयातदाराकडून वसूल होतं, आणि आयातदार ते पुढच्या बिलातून कापतो. निवेदन केलेल्या वर्षाच्या अखेरीपासून किमान तीन वर्षं ही फाइल ठेवायचीच असते.

अमेरिकेचा धडा राहिला. तिथली जीएसपी 1 जानेवारी 1976 पासून चालू होती आणि भारत तिचा मोठा लाभार्थी होता. 5 जून 2019 पासून भारताला यादीतून काढलं गेलं. आपल्या बाजारात पुरेसा प्रवेश देण्याची हमी भारताने दिली नाही, हे कारण. परतफेड मागायची नाही या तत्त्वाचं काय, असा प्रश्न विचारून उपयोग नव्हता, कारण देणं सक्तीचं नव्हतंच. पुढे 31 डिसेंबर 2020 ला ती योजनाच सगळ्यांसाठी मुदत संपून थांबली. ज्यांनी भाव काढताना ती सूट कायमची धरली होती, त्यांना फरक खिशातून भरावा लागला. सवलतीच्या मालाचा करार करताना ‘शुल्कात बदल झाल्यास भार कोणाचा’ हे एक वाक्य लिहून घ्यायला काही खर्च येत नाही.

केशर आंब्याचं यातलं स्थान वेगळं आहे. युरोप आणि ब्रिटन दोन्हीकडे आंब्यावर मूळ शुल्कच शून्य आहे, त्यामुळे सवलतीचा प्रश्नच येत नाही. तिथे अडवते ती फळमाशी. 1 मे 2014 पासून युरोपने भारतीय आंबा बंद केला होता तो याच कारणाने, आणि पॅकहाऊस व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर 2015 मध्ये बंदी उठली. बीड-जालन्याच्या आंबा उत्पादकाने शुल्काची चर्चा सोडून बागेतले सापळे आणि प्रक्रियेच्या नोंदी पाहाव्यात.

परभणीचा कापूस आणि ढाक्याचा सदरा

शेवटचा धागा कापसाचा. बांगलादेश अल्पविकसित देश असल्याने युरोपच्या ‘शस्त्रं सोडून सर्व काही’ योजनेत त्याचे कपडे शून्य दराने जातात. 2011 पासून युरोपने अल्पविकसित देशांसाठी उगमनियमही सैल केला: कापड बाहेरून आणून फक्त शिवलं तरी कपडा तिथला धरतात. भारतातून सूत आणि कापूस बांगलादेशात जातो, आणि तिथून सदरा होऊन युरोपात शून्य शुल्काने पोहोचतो. तोच सदरा भारतात शिवला तर साध्या जीएसपीत 9.6 टक्के आणि जीएसपी नसेल तर 12 टक्के. म्हणजे परभणीच्या कापसाला युरोपची सवलत मिळते, पण ढाक्याच्या वाटेने. शिलाईची मजुरी तिकडे राहते.

बांगलादेश अल्पविकसित यादीतून बाहेर पडण्याची संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली तारीख 24 नोव्हेंबर 2026 आहे. युरोपची सवलत त्यानंतर आणखी तीन वर्षं चालू राहते. त्यानंतर तिथल्या कपड्यालाही नियम कडक होतील, आणि शिवलेला कपडा ‘आपला’ म्हणवायला कापडही तिथलंच किंवा शेजारच्या देशाचं जोडून दाखवावं लागेल. युरोपच्या नियमांत दक्षिण आशियातल्या देशांचं साहित्य असं एकत्र मोजण्याची सोय आहे आणि त्या गटात भारत आहे. जिनिंग आणि सूतगिरणी चालवणाऱ्यांनी आतापासून गाठीपासून कापडापर्यंतचा माग, कोणत्या गाठीचं सूत कोणाला गेलं, हे लिहून ठेवायला सुरुवात केली तर तेव्हा तो कागद मागणारा ग्राहक त्यांच्याकडे येईल. आज तशी नोंद फार थोड्या ठिकाणी ठेवली जाते.